बारवेच्या गाळातली बाई

कानिफनाथचं अक्षर बिलकुल चांगलं नव्हतं. भिंतीवर लिहायला घेतलेली त्याची ओळ नेवाशाला निघायची आणि शेवगावला पोचायची. पण चित्राला हात घातला की हाच माणूस असा गप्प व्हायचा, की शेजारी कुणी ढोल बडवला तरी मान वर करायचा नाही. म्हणून मी त्याला ठेवून घेतलं होतं. मी तेव्हा नेवाशाच्या पूर्वेकडच्या पंचवीस गावांचा आरोग्य निरीक्षक होतो आणि तो माझ्या हाताखाली रोजंदारीवर भिंती रंगवायचा. जेवणाआधी हात धुणारं मूल, नखं कापणारा बाप, केस विंचरणारी आई. सगळे गुबगुबीत, सगळे हसरे, सगळे वरून आलेल्या नमुन्याबरहुकूम.

हे चाललं होतं त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. पाऊस तोंड फिरवून बसला होता. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी गिळत होती, टँकर आलाच तर घरटी दोन हंडे मिळत होते. अशा गावात जाऊन आम्ही 'साबणाने हात धुवा' असं लिहायचो. एका म्हातारीने कानिफला विचारलं होतं, "बाबा, त्या चित्रातल्या पोराला पानी कुठून आनलं रं?" कानिफ त्या दिवशी जेवला नाही. मी मात्र पोट धरून हसलो. त्या वयात मला बऱ्याच गोष्टींचं हसू यायचं.

कवठटेक नावाचं गाव माझ्याकडे होतं. तिथे एक बारव होती, चाळीस पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायची जुनी दगडी विहीर. त्या उन्हाळ्यात तळाशी गुडघाभर हिरवं पाणी उरलं होतं. त्यातच बाया पाय बुडवून उभ्या राहायच्या, त्यातच फडकी खळबळायच्या आणि तेच घागरीत भरून घरी न्यायच्या. मी पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर टाकून टाकून थकलो. शेवटी हुकूम आला की बारव बंद करा आणि 'पाणी पिण्यास अयोग्य' असं लाल अक्षरात लिहा. गावात वाचता येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, त्यात बाई एकही नाही. मी कानिफला म्हणालो, "लिहू नकोस, चित्र काढ. बघितलं की माणूस मागे फिरला पाहिजे."

कानिफची थोरली बहीण मनकर्णा याच गावात दिलेली होती. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. तिच्याकडे मुक्काम करून त्याने तीन दिवसांत चित्र पुरं केलं.

चौथ्या दिवशी मी सायकल टेकवून बारवेत उतरलो आणि विसाव्या पायरीवर थांबलो. खरं सांगतो, मी घाबरलो. समोरच्या भिंतीवर पुरुषभर उंचीची एक बाई बसली होती. डोळे खोल गेलेले, गाल आत ओढलेले, ओठ फुटलेले, तोंड उघडं. उजवा हात लांब केलेला आणि हातात रिकामा तांब्या. आपण पायरी उतरू लागलो की तो तांब्या आपल्याच पुढे येतो असं वाटायचं. खात्याने दिलेला निळा-पांढरा रंग डब्यात तसाच होता. कानिफने बारवेच्या तळाचा काळा गाळ उपसला होता, त्यात बाभळीचा डिंक, काजळी आणि चुना घातला होता. गाळ वाळला होता तरी वास येत होता.

"सरकारचा रंग काय लग्नाला ठेवलाय?" मी खेकसलो.

"त्या रंगाकडं कोन बघत न्हाई साहेब," तो म्हणाला. "घान दाखवायची तर घानीनंच दाखवावी."

"आणि ही कोण?"

त्याने बोटांवरचा गाळ खरवडला. मग म्हणाला, "माजी आय."

तो सात वर्षांचा असताना त्याची आई पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, गेली होती. जुलाब लागलेल्या माणसाला पाणी द्यायचं नाही, दिलं की जुलाब वाढतात, अशी आपल्याकडची समजूत. मी इतकी वर्षं घसा कोरडा केला तरी ती पुरती गेलेली नाही. घरच्यांनी बारा वर्षांच्या मनकर्णाला रांजणापाशी बसवलं आणि बजावलं, की आईने मागितलं तरी द्यायचं नाही. आईने दिवसभर तांब्या पुढे केला. मनकर्णाने दिलं नाही. दिवेलागणीच्या आत आई गेली. कानिफ उंबऱ्यात बसून हे बघत होता, आणि वीस वर्षांनी त्याने ते भिंतीवर काढलं होतं.

मला ते चित्र फार आवडलं. त्याहून जास्त मला त्यात माझं भलं दिसलं. नगरला आरोग्याचं प्रदर्शन भरणार होतं, वरचे साहेब येणार होते. मी लगोलग चिठ्ठी धाडली की फोटोवाला पाठवा, असं चित्र जिल्ह्यात दुसरं नाही.

पुढच्या मंगळवारी मी गेलो तेव्हा कानिफ बारवेच्या तोंडाशी उभा होता. चेहरा उतरलेला.

"साहेब, खाली बघा."

मी पाहिलं. भिंतीवरच्या बाईच्या कपाळाला मळवट भरला होता. पायाशी लिंबं, हिरव्या बांगड्या, खण, नारळाची शकलं. दहा-बारा बाया रांगेत उभ्या होत्या. पुढे मनकर्णा होती. तिने तळातलं पाणी तांब्यात घेतलं, चित्राच्या उघड्या तोंडाला लावलं, भिंतीवरून ओघळू दिलं, आणि उरलेलं स्वतः प्यायली. मग मागचीने तसंच केलं. मग तिच्या मागचीने.

झालं होतं असं. मनकर्णाने पहिल्या दिवशी आई ओळखली. जे तेव्हा दिलं नाही ते आता द्यावं म्हणून ती रोज सकाळी येऊन आईला पाणी पाजायची, कुंकू लावायची आणि उष्टं पाणी प्रसाद म्हणून प्यायची. बाकीच्या बायांना आई कुठली माहीत? त्यांनी खोल डोळे पाहिले, उघडं तोंड पाहिलं, कुंकू पाहिलं आणि हात जोडले. पटकीची देवी मरीआई बारवेत प्रगटली, तिला पाणी पाजून तीर्थ घेतलं की गावावर रोग येत नाही, असं दोन दिवसांत आसपासच्या वाड्यावस्त्यांत झालं. ज्या पाण्याला कुणी तोंड लावू नये म्हणून आम्ही चित्र काढलं, ते पाणी आता शेजारच्या गावची माणसंही घागरी भरून नेत होती.

"अक्काला लई सांगितलं," कानिफ म्हणाला. "म्हनती, आयचं उष्टं हाय, त्यानं काय हुतंय. साहेब, पुसू का?"

इथे मी काय बोललो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "शनिवारी फोटोवाला येतोय. चार दिवस थांब. तोवर मी पावडर दुप्पट टाकतो."

तो पुन्हा खाली चित्राकडे बघू लागला. त्याचं चित्र लोक बघतात, त्याच्यापुढे उभं राहतात, हे त्याच्याही मनाला सुखावत होतं. मी ते ओळखलं आणि वापरलं. "अरे, नगरला तुझं नाव लागेल खाली," मी म्हणालो. तो बरं म्हणाला. मी पावडर टाकली, पण वासामुळे बायांनी दुसऱ्या दिवशी गाळच उपसला आणि झऱ्याचं नवं पाणी धरलं. देवीला औषधाचा वास चालत नाही म्हणे.

शुक्रवारी सकाळी खडीच्या कामावरचा एक जण ओकत खाली बसला. दुपारपर्यंत तिघे झाले. मी दुसऱ्या गावी होतो. मला हे संध्याकाळी कळलं. कानिफने कुणाची वाट पाहिली नाही. भर दुपारी, बाया घरी गेल्या असताना, तो बारवेत उतरला. तळातला गाळ दोन्ही हातांनी उचलून त्याने आईच्या तोंडावर फासला. आधी तोंड, मग डोळे, मग तो हात. गोणपाटाने घासून त्याने सगळी भिंत काळी केली. वर आला तेव्हा कडेला गाव गोळा झालं होतं. त्याच्या पाठीवर दगड बसले. मनकर्णाने कुणाला अडवलं नाही. ती एवढंच म्हणाली, "कानिफा, आयला पुन्यांदा मारलंस."

त्या रात्रीत अकरा जण आडवे झाले. रोग त्याआधीच्या चार दिवसांतच पोटात गेला होता, पण हे गावाला कोण पटवणार? देवी पुसली आणि देवी कोपली, एवढंच सरळ दिसत होतं. शनिवारी सकाळी मी डॉक्टरांना निरोप धाडून कवठटेकला पोचलो, तेव्हा आजाऱ्यांत मनकर्णा होती.

तिच्या दारात तिची सासू साळूबाई उभी होती. कानिफ अंगणात उकळून गार केलेल्या पाण्याची कळशी घेऊन उभा होता. त्यात त्याने मीठ-साखर घातली होती, मीच कधी तरी शिकवलं होतं तसं. कपाळावर रक्त वाळलेलं.

"तुज्या हातचं पानी न्हाई द्यायची मी तिला," साळूबाई ओरडत होती. "जुलाब वाढतील. आन् तू तर देवी बुडवलीस."

आत मनकर्णा भिंतीला टेकून बसली होती. डोळे खोल गेलेले, गाल आत ओढलेले, ओठ फुटलेले. हात लांब केलेला आणि हातात रिकामा तांब्या. मी दोन पावलं मागे सरलो. ते तोंड मी पाहिलं होतं.

कानिफने साळूबाईला बाजूला लोटलं. बाईमाणसाला हात लावला म्हणून लोक धावले. मी मधे आडवा आलो. तेवढं मात्र केलं मी. तो बहिणीपुढे बसला आणि त्याने तांब्या भरला.

"अक्का, पी."

तिने तोंड मिटलं. "मी आयला दिलं नव्हतं," ती म्हणाली.

"तू ल्हान हुतीस. मी बी हुतो तितं. मी बी दिलं न्हाई." तो हुंदके देत होता. "आता तरी पी गं."

ती प्यायली. अख्खा तांब्या प्यायली आणि दुसरा मागितला. मला वाटलं, वाचली. तेवढ्यात नगरची जीप आली. फोटोवाला गळ्यात कॅमेरा अडकवून उतरला आणि विचारू लागला, की ते प्रसिद्ध चित्र कुठे आहे. मी त्याला बाजूला सारला, जीपमध्ये मागे मनकर्णाला घातलं आणि नेवाशाच्या वाटेला लागलो. कानिफ तिचं डोकं मांडीवर घेऊन घोटघोट पाजत होता. प्रवरेच्या पुलावर त्याचा हात थांबला. खाली नदीत वाळूच वाळू होती.

कवठटेकमध्ये सहा माणसं गेली. मनकर्णा सातवी. कागदोपत्री दोष दुष्काळाचा निघाला. मला कुणी काही विचारलं नाही.

कानिफनाथने भिंती सोडल्या. नगरला जाऊन तो ट्रकच्या नंबरपाट्या रंगवू लागला. मीही पुढे निवृत्त होऊन नगरलाच घर बांधलं. तो वर्षातून दोनदा येतो, दिवाळीला आणि अक्काच्या तिथीला. चपला काढून ओसरीत बसतो, घरच्यांची चौकशी करतो, माझ्या दुखऱ्या गुडघ्याला कुठला लेप लावावा ते सांगतो. चार दिवस थांब असं मी म्हणालो होतो, हे त्याने आजवर एकदाही तोंडातून काढलेलं नाही.

माझी बायको दर वेळी तांब्या-भांडं घेऊन बाहेर येते. तो दर वेळी हात जोडून म्हणतो, "नको वैनी, पिऊनच आलोय."

तीस वर्षं तो माझ्या घरी येतोय. पाण्याचा एक घोट त्याने अजून घेतलेला नाही.