दत्ताची खिडकी

दत्ताच्या घरी आजही मला कागदी कपात चहा मिळाला. मी याचा जाहीर निषेध करतो.

ज्या घरात वर्षानुवर्षं, कान तुटका का असेना, पण माझी म्हणून एक कपबशी होती, तिथं ही वेळ यावी!

दत्ता म्हणजे आमच्या केजच्या शाळेतला विज्ञानाचा मास्तर. मी संस्कृतचा.
स्टाफरूममध्ये खुर्चीला खुर्ची लागून. त्याच्या मते माझा विषय मेलेल्या लोकांचा, माझ्या मते त्याचा विषय बेडकांचा.

तो गेला त्याला आज वर्ष झालं.

सुरुवात पाठदुखीनं झाली. आम्ही सगळ्यांनी तेलं सुचवली. मी तर काढासुद्धा सुचवला, श्लोकासकट.
मग संभाजीनगरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, मज्जा तपासली आणि नाव सांगितलं. मायलोमा. हाडांच्या मज्जेतला कॅन्सर.

मी धीर द्यायला गेलो. तर हा गडी मलाच शिकवायला बसला.

"हे बघ शास्त्र्या, मज्जेत काही पेशी असतेत, त्या अँटीबॉडी बनवतेत. जसा जंतू तशी अँटीबॉडी. गोवराची न्यूमोनियाला चालत न्हाई."

"पुस्तकात तिला प्रतिपिंड म्हणतात," मी म्हणालो. "शब्द ऐकला की दशक्रियेचा घाट दिसतो."

"गप बे. ऐक. माझ्यातली एकच पेशी माजली. तिनं आपल्यासारख्याच लाखो केल्या. आता सगळ्या मिळून एकच अँटीबॉडी छापायल्यात. कुण्याच जंतूच्या कामाची न्हाई."

"म्हणजे?"

"आपल्या चौकात बघ. जिकडं तिकडं एकाच पुढाऱ्याचे बॅनर. दवाखाना कुठंय, स्टँड कुठंय, दिसतंय का काही? तसं."

मी विचारलं, शरीराचे पहारेकरी मग करतात काय?

"रोज कितीतरी बिघडलेल्या पेशी पकडतेत की! पण ही घरचीच. घरचेच कपडे घालून हिंडायली. पहारेकरी म्हणतो, आपलंच माणूस हाय, जाऊ द्या."

गंमत म्हणजे त्याला दिलेलं औषधही एक अँटीबॉडीच होती, कारखान्यात तयार केलेली. ती त्या माजलेल्या पेशीला जाऊन चिकटते आणि पहारेकऱ्यांना ओरडून सांगते, हीच ती!

"म्हणजे चुगलखोर," मी म्हणालो.

"चुगलखोर. पण आपल्या पार्टीची."

औषधानं कॅन्सर मागं हटला. पण दत्ताच्या अंगातल्या कामाच्या अँटीबॉडी आधीच कमी, त्या आणखी कमी झाल्या.
डॉक्टरांनी बजावलं, गर्दी नको. सर्दी-खोकलावाला माणूस तर घरात नकोच नको.

आता हे आपल्याकडं कसं जमायचं?
आपल्याकडं माणूस आजारी पडला की त्याला बघायला जातात. जीप भरून जातात. उशाशी बसून, हात हातात घेऊन, "लई वाळला" असं त्याच्या तोंडावर सांगून येतात. जो जात नाही, त्याचं नाव पुढच्या प्रत्येक लग्नात निघतं.

गेवराईहून दत्ताची मावशी आली. जीपभर माणसं आणि भरपूर खोकला घेऊन.

मंगलवहिनी, म्हणजे दत्ताची बायको, दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"मावशी, आत नका येऊ."

"कावून? मी काय परकी हाय? कडेवर खेळवलाय त्याला!"

"खिडकीतून बघा. हात जोडते."

मावशीनं अंगणातच बसकण मारली आणि सूर लावला. तेवढ्यात आतून दत्ताचा आवाज आला.

"मावशे, कपिलधारला बी रांगेतच दर्शन घेतीस की! लाग रांगेत!"

रडता रडता मावशी हसली. रांग लागली. गजांआड बसलेल्या दत्तानं एकेकाला हात वर करून आशीर्वाद दिला.

तेव्हापासून सगळं खिडकीतून. चहासुद्धा. कागदी कपात.
मला सर्दी नाही, हे मी शपथेवर सांगितलं. संस्कृतातून.
वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, कप धरा."

ज्या बाईच्या घरातून कुणी उपाशी परत गेलं नव्हतं, तिला लोक म्हणायला लागले, मंगल लई बदलली. दारातून माणसं हाकलते.
वहिनींनी सगळं ऐकलं. दार सोडलं नाही.

तरीही दत्ताला न्यूमोनिया झाला.
दवाखान्यात नेलं. परत आला नाही.

डॉक्टर म्हणाले, असे जंतू कधीकधी माणसाच्या स्वतःच्याच नाका-घशात बसलेले असतात. कुणीतरी बाहेरून आणलेच असतील, असं नाही.
वहिनींनी नुसती मान हलवली.

आज वर्षश्राद्धाला माणसं आली. पंगत अंगणातच बसली. घरात कुणीच गेलं नाही, कारण दारात वहिनी उभ्या होत्या.
चहा खिडकीतून आला.

मी विचारलं, "वहिनी, आता तरी येऊ का आत?"

"नको, भाऊजी."

मग अगदी हळू म्हणाल्या, "मी आत कुणाला सोडलं हो? लई आठवून बघते. ध्यानातच येत न्हाई."

दत्ता, तूच सांगितलं होतंस. जंतू निघून जातो, पण शरीर त्याला वर्षानुवर्षं विसरत नाही. चांगलीच गोष्ट आहे, म्हणून तर लस चालते. "पण एखाद्याचा पहारा थांबतच न्हाई बे. मग घरच्यालाच तरास."

तू असतास तर चौकातला एखादा बॅनर दाखवून वहिनींना समजावलं असतंस. डॉक्टरांचंच म्हणणं मीही पुन्हा सांगून पाहिलं. माझ्या तोंडी ते सुभाषितासारखं वाटलं. मी कप धरून उभा राहिलो.

मित्रा, तुला मनापासून नमस्कार. कपाबद्दलची तक्रार मी मागं घेतो.

मला वहिनींची काळजी वाटते.
त्या अजून दारातच उभ्या आहेत.