चंदेरी बोटं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आई-वडील गेले, त्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल. ओळखीच्या माणसांत मी सज्जन म्हणून खपून गेलोय, आणि ते मला सोयीचं आहे.

माझ्या घरी काचेच्या कपाटात एक लढाऊ जेट विमान आहे. प्लास्टिकचं, वीतभर लांब. येणारा-जाणारा बघतो, वाकून बघतो. चाकांच्या झडपा, वैमानिकाची खुर्ची, पत्र्यांच्या सांध्यांच्या केसाएवढ्या रेघा. मग विचारतो, कुणी केलं हो? मी म्हणतो — मी.

आमचं गाव सास्तूरच्या अलीकडे. ऐंशीनंतरचा तो दुष्काळ. आडाला पाणी होतं, पण इतकं खारट की गुरंही तोंड फिरवायची. प्यायचं गोडं पाणी माकणीच्या बाजूनं टँकरनं यायचं. टँकर चालवायचा किसन, आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातला. गल्लीगल्लीत थांबून घागरीवर पाइप तोच धरायचा. बघा, अजूनही मी 'किसन' म्हणतोय. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. तेव्हा तोंडात जे बसलं ते बसलं, मी कधी बदललं नाही.

त्याचा मुलगा मिलिंद. दहावीत माझ्याच बाकावर. पुण्याच्या मामानं मला त्या विमानाचा संच आणून दिला होता — चौकटीत अडकलेले सुटे भाग, गमाची ट्यूब, पाण्यात भिजवून चिकटवायच्या तिरंगी चकत्या. मी घाईघाईनं दोन भाग जोडले ते वाकडे. चिडून पेटी फेकून दिली असती. मिलिंदनं ते ब्लेडनं हळूच सोडवले, पॉलिश पेपरनं घासले, पुन्हा असे जोडले की सांधा दिसेना. शेळीच्या केसांचा कुंचला त्यानं केला. टँकर रंगवून उरलेला चंदेरी रंग त्यानंच बाटलीतून आणला. सुईच्या टोकानं शाईच्या रेघा ओढताना तो श्वास धरून बसायचा. आणि मी? मी विमान धरायचो. आमच्या ओसरीवर बसून हे चालायचं. ओसरीच्या आत तो कधी आला नाही, आणि आम्ही कधी बोलावलं नाही.

वडील सोसायटीचे चेअरमन. गावात दूध डेअरी सुरू होणार होती, मुंबईहून पाहुणे यायचे होते. त्यांच्या स्वागताला शाळेनं मांडलेल्या टेबलावर विमान ठेवायचं ठरलं. पोरानं विमान केलं, असं वडील गावभर सांगून मोकळे झाले. पण पाहुणे यायच्या आदल्या सकाळी हेडमास्तर ओसरीवर आले, विमान बघितलं, आमचे दोघांचे हात बघितले आणि म्हणाले, “दोघांची नावं लावू.” मिलिंद लाजून हसला. मला ते हसणं सहन झालं नाही. तुम्हाला कधी असं झालंय — ज्याचं आहे त्यालाच मिळतंय, आणि तरी तुम्हाला बघवत नाही?

चकत्या तेवढ्या राहिल्या होत्या. आडाच्या पाण्यात एक जादा चकती भिजवून पेटीच्या झाकणावर लावून बघितली, तर वाळल्यावर ती पांढरीफटक पडली. मिलिंद म्हणाला, वाटीभर गोडं पाणी लागंल. मी आत गेलो. पाणी काढायचं ओगराळं शोधायचा कंटाळा केला आणि वाटीसकट हात रांजणात घातला. मिलिंदनं शेपटीला नुकताच रंग दिला होता, विमान धरून माझी बोटं चंदेरी झाली होती. मिलिंदचीही होती. त्यानं उजव्या पंखावर चकती बसवली — सुरकुती नाही, बुडबुडा नाही — आणि तेवढ्यात आतून आईचा आवाज आला.

“रांजणात हात कुणी घातला रं? पाण्यावर रंग तरंगतोय!”

मी म्हणालो, “मिलिंदनं.”

भीतीनं म्हणालो का? नाही. आईनं मला फार तर एक धपाटा घातला असता. माझा हात म्हटल्यावर वरचा तवंग काढून तेच पाणी घरानं प्यायलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मिलिंदचं नाव घेतल्यावर काय होईल, तेही ठाऊक होतं. म्हणून तर घेतलं.

आईनं अख्खा रांजण अंगणात कलंडला. त्या दुष्काळात. शेजारच्या बायका बघत होत्या, कोंबड्या ओल्या मातीत चोची मारत होत्या. मिलिंद स्वतःच्या बोटांकडे बघत उभा होता. मी बोलेन म्हणून थांबला असावा.

संध्याकाळी वडिलांनी किसनला अंगणात बोलावलं. तो हात जोडून म्हणाला, “आण्णा, पाणी मीच आणतुया. पाइप माझ्याच हातात असतुया.”

“पाइप येगळा, रांजण येगळा,” वडील म्हणाले.

मग तो पोराकडे वळला. “घातलास का हात?” मिलिंद म्हणाला, “न्हाय.” किसननं माझ्याकडे बघितलं. “बाळासाहेब, तुमी सांगा. तुमी म्हनाल ते मी खरं मानतो.”

दुसऱ्यांदा विचारलं होतं. सगळी दुपार मला मिळाली होती. बोटं मी रॉकेलनं घासून स्वच्छ करून आलो होतो. मी म्हणालो, “यानंच घातला.”

किसननं मिलिंदच्या थोबाडीत मारली. आमच्या सगळ्यांसमोर. पोरगा रडला नाही, बाप रडला. आणि मला — हेही लिहूनच टाकतो — मला बरं वाटलं.

वडिलांनी तालुक्याला शब्द टाकला, किसन टँकरवरून गेला. महिन्याभरात त्यांचं घर गाव सोडून गेलं. मिलिंद दहावीच्या परीक्षेला बसला नाही. पुढं त्याचं काय झालं, मी विचारलं नाही. विचारणं अवघड नव्हतं.

डाव्या पंखावरची चकती राहिलीच होती. घरात गोडं पाणी नव्हतं — आम्हीच ओतून टाकलं होतं. मी ती आडाच्या पाण्यात भिजवली. वाकडी बसली, वाळल्यावर पांढरी पडली, पुढं तडकली. पाहुण्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पाटीवर एकच नाव होतं.

परवा नातवानं कपाट उघडून विचारलं, आजोबा, एवढं सुंदर विमान, मग हीच चकती अशी कशी? मी म्हणालो, जुनं झालं की होतं तसं. त्या अख्ख्या विमानावर माझ्या हातचं तेवढंच आहे.