कुंकू लागलेला स्टोव्ह
रॉकेलचा वास आला की मला कराडच्या पेठेतलं भांड्यांचं दुकान आठवतं. मी कॉलेजसाठी कराडात खोली घेतली, तेव्हा वडिलांनी तिथून पितळी स्टोव्ह आणला. आईने आधी त्याला हळदकुंकू लावलं, मग रॉकेल भरलं, तर टाकीच्या सांध्यातून ते गळायलाच लागलं. खानावळ परवडणार नव्हती, त्यामुळे स्टोव्ह नाही तर कॉलेजही नाही. आम्ही तो फडक्यात गुंडाळून परत नेला. दुकानदाराने टाकीकडे पाहिलंच नाही. कुंकवावर बोट ठेवून म्हणाला, "पूजा झाली म्हणजे माल वापरला. परत घेत नाही." वडील वैतागले. "आवं शेठ, कुंकू तर तुमच्या तराजूलाबी हाय. मग त्यो काय मोडीत घालायचा?" गिऱ्हाइकं हसली, शेठही हसले, पण स्टोव्ह आमच्याच हातात राहिला. शेवटी वडिलांनी कासाराकडून त्याला डाख लावून घेतला आणि त्यावरच भात शिजवून मी पदवीधर झालो. आजही घरात नवी वस्तू आली की सून कौतुकाने कुंकवाचा करंडा घेऊन येते आणि मी ओरडतो, "थांब, आधी चालवून बघू!"