टमाट्याचं वावर आणि माझा जुना अल्बम

माकडांना इंग्रजी गाणी आवडतात, हे मला दादाचे टमाटे गेल्यावर कळलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, बाजारहत्नूरजवळ आमचं दोन एकर वावर आहे. ते तो करतो आणि मी सरकारी शाळेत मास्तरकी करतो. अशी वाटणी कोणी कागदावर केली नाही. ज्याला कामं जमतात त्याने शेती पाहावी आणि उरलेल्याने नोकरी, असं आमच्या घरात फार पूर्वीच ठरून गेलं. दादाने मला आयुष्यात एकदाच विळा दिला होता. (सांबार, म्हणजे कोथिंबीर, कापून आण म्हणाला होता. मी मेथी कापून आलो, तीही शेजाऱ्याची.) त्यामुळे यंदा संक्रांतीच्या सुट्टीत बेल्लमपल्लीच्या मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, दादा आणि वहिनी तीन दिवसांसाठी तिकडे निघाले आणि वावर माझ्यावर सोपवायची वेळ आली, तेव्हा दादाचा चेहरा पाहवत नव्हता.

"दोन वर्षं एक टमाटा घरी नाई आला, समदे माकडायनं खाल्ले," तो म्हणाला. "अवंदा लाल झालेत. मी आलो का पयला तोडा करतो. तुले काईच करायचं नाई. सकाळी भोंगा चालू करायचा, संध्याकाळी बंद. येवढं जमन ना?"

जमेल, असं मी जरा दुखावूनच म्हणालो.

"बटन लाल हाय," दादा म्हणाला आणि बसमध्ये चढला.

हा भोंगा आमच्याकडे आता वावरावावरात असतो. बांबूला बांधलेला कर्णा, खाली बॅटरी आणि एक डबा. डब्यात पेनड्राइव्ह खोचायचा, त्यात वाघाची डरकाळी आणि कुत्र्यांचं भुंकणं भरलेलं. माकडं सकाळी आठला ड्युटीवर आल्यासारखी येतात आणि वाघ ऐकून परत जातात. निदान सुरुवातीला जातात. मग त्यांच्या लक्षात येतं, की हा वाघ रोज त्याच जागी, त्याच वेळी बांबूवरून ओरडतो आणि खाली काही उतरत नाही. दादा म्हणूनच दर आठ दिवसांनी वाघ आणि कुत्र्यांची अदलाबदल करतो. ही गोष्ट त्याने मला नीट समजावून सांगितली होती. मी मान हलवली होती. डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं.

दुसरं म्हणजे माझा अल्बम. मी इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला असताना बेल्लमपल्लीला मामांच्या क्वार्टरमध्ये राहायचो. तिथे मामांच्या रेडिओवर, खरखरीतून, एका परदेशी स्टेशनवर रॉकचं एक गाणं ऐकलं आणि वेडा झालो. दोन महिने शोधून त्याची कॅसेट मिळवली. मग त्या कॅसेटने दुसरी आणली, दुसरीने तिसरी, आणि प्रत्येक कॅसेट आधीच्यापेक्षा जड. शेवटी शेवटी गाणारा गातच नव्हता. बैलगाडीखाली पाय सापडलेला माणूस जसा बोंबलेल, तसा बोंबलायचा. मी दार लावून त्याच्याबरोबर बोंबलायचो. मामा कोळशाच्या खाणीतली पाळी संपवून घरी यायचे आणि म्हणायचे, "खालीच बरं होतं."

त्या पहिल्या कॅसेटचा अल्बम दादाच्या पोरीने, पूजाने, मला मोबाइलवर शोधून दिला. अंगावर काटा येतो की नाही बघ, असं मी तिला चार दिवस सांगत होतो. दोघांनी मिळून ऐकला. तीस वर्षं मी ज्याला ढगांचा गडगडाट समजत होतो, तो दोन गुळगुळीत गिटारी आणि आपल्या मैत्रिणीची माफी मागणारा एक गृहस्थ निघाला. पूजा जांभई देऊन म्हणाली, "काका, याच्यानं तं झोप येते." मला राग आला. तिचा आला, त्या गृहस्थाचा आला आणि सगळ्यात जास्त माझाच आला. मी तिला सांगितलं, की पुढची सगळी गाणी क्रमाने भर. आधी हा अल्बम, मग त्याच्याहून जड, मग त्याहून जड. म्हणजे कुठून कुठे पोचलो ते तुला कळेल.

पेनड्राइव्ह तयार झाला आणि मला ती दुर्बुद्धी सुचली. दादाचा वाघ आता जुना झाला होता. त्याजागी माझी जड गाणी लावली तर माकडं महाराष्ट्रात जातील! (खरं सांगायचं तर मला ती स्वतःला ऐकायची होती आणि एवढा मोठा कर्णा घरी नव्हता.)

"मंग बोंबलायचं गाणं पयलं टाकू?" पूजाने विचारलं.

मी तिला समजावलं, की तसं थेट जाता येत नाही. आधी कान तयार व्हावे लागतात.

"कान माकडायचे हायत, काका."

मी ऐकलं नाही. मास्तर माणूस, पहिला धडा सोडून दहावा शिकवणं माझ्याच्याने होत नाही.

पहिल्या दिवशी आठ वाजता मी पेनड्राइव्ह खोचला. गिटार सुरू झाली. कान तयार व्हावेत म्हणून त्या दिवशी तो पहिला अल्बमच फिरवून फिरवून लावला. माकडं बांधावरच्या चिंचेवर येऊन थबकली आणि दिवसभर तिथेच बसून राहिली, एकही खाली उतरलं नाही. मी दादाला फोन करून सांगितलं, की एक टमाटा हलला नाही. दादा "बरं," म्हणाला. दादाच्या तोंडून हा शब्द मी माझ्याबाबतीत पहिल्यांदा ऐकला, आणि मी किती सुखावलो ते सांगायला लाज वाटते.

माकडं घाबरून नव्हे तर ऐकत बसली होती, हे दुसऱ्या दिवशी उघड झालं. पहिल्या गाण्याला ती बांधावर आली. तिसऱ्याला वाफ्यात. एक माकडीण पोराच्या उवा काढत होती, बाकीच्यांनी टमाटे घेतले. तेवढ्यात माझी बायको, सुनंदा, डबा घेऊन आली.

"अवो, ते टमाटे खाऊन राह्यले."

"थांब जरा. आता जे गाणं येऊन राह्यलं ना, त्यानं पळतीन."

गाणं पुढे ढकलायचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. दाबलं असतं तर थेट बोंबलणारा माणूस आला असता. पण मधे माझं आवडतं गाणं होतं. ते झालं. पुढचं थोडं जड आलं. माकडांनी माना वर केल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा खायला लागली. त्यापुढचं आणखी जड. पुन्हा माना वर, पुन्हा खाली. दुपारी एकदाचा तो बोंबलणारा आला, तेव्हा टोळीतला सगळ्यात दांडगा नर कर्ण्याच्या सावलीत पाय पसरून बसला होता आणि त्याच्या दोन्ही हातांत टमाटे होते. मला तिथवर पोचायला दोन वर्षं लागली होती. यांनी दीड दिवसात उरकलं.

"तुमीच त्यायले हळूहळू सवय लावली," सुनंदा म्हणाली. ती माझ्यावर ओरडली असती तर परवडलं असतं.

मी धावत घरी गेलो, दादाचा वाघ आणला, खोचला. वाघाने डरकाळी फोडली. एकाही माकडाने मान वर केली नाही. इतकं सगळं ऐकल्यावर वाघ म्हणजे त्यांना किस झाड की पत्ती!

मग माझं डोकं फिरलं. दादाचं ते "बरं" कानांत घुमलं. मी चपला फेकल्या, वाफ्यात शिरलो आणि बेंबीच्या देठापासून बोंबललो. शब्द नव्हतेच त्यात. मामांच्या क्वार्टरमध्ये दार लावून कमावलेला तो आवाज तीस वर्षांनी बाहेर पडला. आणि माकडं पळाली! आईबापांना विसरून पोरं पळाली, दांडगा नर हातातले टमाटे टाकून नाल्यापलीकडे गेला. शेजारच्या वावरातून मल्लन्ना काठी घेऊन धावत आला. "क्या हुआ सार? साँप काटा क्या?"

साप नव्हता, पण टमाटेही नव्हते. अर्धे माकडांनी खाल्ले होते आणि उरलेल्यातले बरेच माझ्याच पायांखाली गेले होते.

तिसऱ्या दिवशी दादा आला. त्याने सगळे वाफे पाहिले आणि बांधावर बसला. मी सगळं सांगितलं, अल्बमसकट. तो चिडला नाही. "दोन वर्षानं लाल झाले होते रे," एवढंच म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मल्लन्नाला बहुतेक माझी दया आली असावी. माझ्या ओरडण्याने माकडं कशी उधळली, ते त्याने हातवारे करून दादाला सांगितलं.

दादाने खिशातून मोबाइल काढला. "वरडून दाखव."

"आता?"

"मंग कवा? टमाटे सरल्यावर?"

मी ओरडलो. बायको, पुतणी आणि मल्लन्ना यांच्यादेखत, भर उन्हात, मोकळ्या वावरात. मल्लन्नाचा बैल दावं तोडून गेला. दादाने ते तीनदा ऐकलं आणि माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं. संध्याकाळी पूजाने त्याच्या पेनड्राइव्हमधून कुत्रे काढले आणि तिथे मला घातलं.

उरलेले टमाटे वाचले. घरी दोन टोपल्या आल्या. ही बातमी फुटली आणि मल्लन्नाने पेनड्राइव्हची नक्कल मागितली, मग त्याच्या साडूने, मग नाल्याकाठच्या सगळ्यांनी. सुट्टी संपून मी शाळेत जायला लागलो, तेव्हा वाटेत डाव्या हाताच्या चार आणि उजव्या हाताच्या तीन वावरांतून मीच ओरडत होतो. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

गेल्या रविवारी दादा घरी आला आणि पेनड्राइव्ह माझ्यापुढे ठेवला. माकडं आता मला ऐकत वांगी खात होती.

"याच्याऊन जड काई हाय का तुयाकडं?" त्याने विचारलं.

नव्हतं. माझं तिथेच संपतं. पण मला त्याचं एवढं वाईट वाटलं नाही. माकडांना माझ्या ओरडण्याची सवय व्हायला वीस दिवस लागले. शाळेतल्या पोरांना पहिलाच तास पुरला होता.