आबांना हवी असलेली खोट

मुलाच्या घरची चौकशी करणं ही आमच्या जळगावकडची एक कला आहे. दोन वडीलधारे पुरुष मुलाच्या गावात उतरतात, पण त्याच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. त्या आळीतली पिठाची गिरणी, सलून आणि किराणा दुकान गाठायचं. आधी पाऊसपाणी, मग कापूस, आणि निघता निघता सहज आठवल्यासारखं, "ते पलीकडचं घर कसं आहे हो?" एवढं विचारायचं. जिच्यासाठी हा खटाटोप चालतो त्या मुलीला मात्र घरी ठेवायचं असतं. बैल बघायला जाताना गाय बरोबर नेत नाहीत, असं आमचे काका म्हणाले. काकांची तुलना नेहमीच गोठ्यातली असते.

तरी मी गेले. मुलाला मी एकदाच पाहिलं होतं, आमच्या बैठकीत, कांदेपोहे खाताना. तो कमी बोलला आणि पोहे सगळे संपवले, एवढ्यावर जन्म काढायचा की नाही ते ठरत नव्हतं. त्यांच्याकडून निरोप होता की उद्या संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवा, दुसरं स्थळ थांबलंय. मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना सांगितलं, "मुलाची चौकशी तुम्ही करा, गावाची मी करते. राहायचं मला आहे. त्याचं अख्खं धुळं पायाखाली घालते."

"पायी?" आबा म्हणाले. आबा गल्लीच्या टोकाला तंबाखू आणायलाही मोटारसायकल काढतात. काकांचे गुडघे ऐनवेळी दुखायला लागले, त्यामुळे आम्ही दोघंच पहाटेच्या एसटीने निघालो. मी एका शाळेत विज्ञान शिकवते, धुळ्यात बदली झाली आहे आणि भाड्याने खोली शोधतोय, असं सांगायचं ठरलं.

धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत. जळगावच्या माणसाला याचं हसू येतं. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. आमच्याकडे निदान एखाद्या देवाचं किंवा सराफाचं नाव तरी देतात. पण खरं सांगायचं तर अर्ध्या तासात मला त्या नंबरांची सवय झाली. चुकायला होत नाही, आणि चुकलंच तर पुढच्या नंबरावर उभं राहून चहा पिता येतो. आग्रा रोडवर दुकानांची शटरं उघडत होती, सडा पडत होता, आणि तळणीच्या वासाने माझ्या मनातलं निम्मं धुळं तिथंच पास झालं.

पायी चालणाऱ्या माणसाकडे मात्र सगळे संशयाने बघत होते. रिक्षावाले शेजारून हळूहळू चालवत विचारायचे. ओळख ना पाळख, एका गृहस्थाने स्कूटर थांबवून "गाडी बंद पडली का, भाऊ?" असं कळवळून विचारलं. आबांनी प्रत्येक वेळी माझ्याकडे, बघ, लोकांनासुद्धा कळतं, अशा नजरेने पाहिलं.

मग पूल ओलांडून देवपुरात आलो. मुलाचं घर तिकडे. पांझरेत पाणी म्हणावं एवढं पाणी नव्हतं. "ही नदी?" आबा म्हणाले. मी म्हटलं, "आपल्या गावचा नाला तरी कुठे वाहतो?" पण चौकशीतला पहिला मुद्दा त्यांनी मनात टिपून ठेवला असणार.

गिरणीत पिठाने पांढऱ्या झालेल्या एक अक्का होत्या. आबांनी शिस्तीत पाऊसपाणी काढलं, कापूस काढला आणि मग घराचं विचारलं. अक्कांनी अहिराणीत अख्ख्या घराला चांगलं म्हटलं, "बठ्ठा चांगला लोके शेतस. भांडण नही, तंटा नही."

"अजिबात नही?" आबांनी विचारलं.

"नही."

मला वाटलं, आबा खूश होतील. पण बाहेर आल्यावर त्यांनी चेहरा असा केला की जणू अक्कांनी दळणात खडे टाकले. "बाई त्याहीच्या ओळखीची असंल," ते म्हणाले. सलूनवाल्यानेही तेच सांगितलं. मुलगा शांत, नोकरी पक्की, वडील सरळ. आबा वैतागून म्हणाले, "एवढं सरळ घर असते का कुठी?" किराणावाल्याकडे तर त्यांनी पोरगा पितो का, पत्ते खेळतो का, उशिरा येतो का, सगळं सुचवून पाहिलं. किराणावाला प्रत्येक वेळी मान हलवत होता आणि आबांचा आवाज चढत होता. खोली शोधणारा माणूस हे कशाला विचारतो, हे त्या बिचाऱ्याला कळेना.

तशी बाकी गावात आमची खोलीची थाप तोवर फुटलीच होती. आबांमुळे. आम्ही केळीवाले. केळीची हातगाडी दिसली की आबांना पुढे पाऊल टाकता येत नाही. सकाळपासून त्यांनी धुळ्यातली एकही गाडी सोडली नव्हती. फणी हातात घ्यायची, देठ दाबायचा, वास घ्यायचा आणि गाडीवाल्याला त्याचाच माल किती वाईट पिकवलाय ते समजावून सांगायचं. विकत काही घ्यायचं नाही. त्यामुळे जळगावकडचा एक केळीवाला लग्नाची पोरगी घेऊन पायी फिरतोय, ही बातमी आमच्या पुढे दोन चौक चालत होती. जेवायला शेवभाजीच्या हॉटेलात बसलो, तर वाढणाऱ्याने रस्सा ओतता ओतता विचारलं, "ताई, ठरलं का मग?" मी ठसक्याने लाल झाले. शेवभाजी मात्र उत्तम होती. आबा म्हणाले, तिखट जास्त आहे. आबा घरी वर ठेचा मागून घेतात.

ऊन उतरताना आम्ही एकवीरेच्या देवळाकडे आलो. माझ्या चपलेचा अंगठा सुटायला आला होता, आबांचे पाय सुजले होते, आणि आईचे फोनवर फोन येत होते की काय कळवू. माझ्याकडे गावाबद्दल पुष्कळ होतं, मुलाबद्दल काहीच नव्हतं. दिवसभर सगळ्यांनी त्याचं घर सांगितलं, वडील सांगितले, नोकरी सांगितली. तो कसा आहे हे कुणी सांगितलं नाही.

नारळाच्या दुकानात एक नाना बसले होते. आबांनी आता पाऊस आणि कापूस दोन्ही सोडून मुलाच्या घरचं नाव घेतलं आणि सरळच विचारलं, "त्या पोरात खोट काय आहे?"

नानांनी विचार केला. "पोऱ्या चांगला शे," ते म्हणाले, आणि मग आवाज खाली घेतला. "पण जरासा येडा शे. घरमा गाडी शे, तरी रोज पायी फिरस. पूल उतरी आग्रा रोडवर जास, असाच परत येस. काम नही, धाम नही. कोणले माहीत डोकामा काय शे."

आबांचा चेहरा असा उजळला, की केळीला चांगला भाव आला तरी एवढा उजळत नाही. "सापडलं!" ते म्हणाले आणि तिथल्या तिथे आईला फोन लावला. "हॅलो, ऐक, जमत नाही. पोरगा डोक्यानं गेलेला आहे. बिनाकामाचा पायी फिरते."

मी हसायलाच लागले. एका बाजूला माझे दुखरे पाय, दुसऱ्या बाजूला हा शोध, आणि दिवसभरात मुलाबद्दल मला कळलेली ही पहिलीच गोष्ट. हसता हसताच माझ्या लक्षात आलं की हा माणूस सकाळपासून चौकशी करायला आलेलाच नाही. तो नकार शोधायला आलाय. एखादी दारूची बाटली, एखादं भांडण, काहीही, जे घेऊन रात्री मला परत घरी नेता येईल. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण तो आला नाही.

मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, "आई, हो सांग."

आबांनी फोन परत घेऊन खिशात टाकला. आम्ही परत पूल ओलांडला. एसटी स्टँडाबाहेर केळीची एक गाडी होती, सकाळी त्यांनी सगळ्यात जास्त नावं ठेवली होती तीच. गाडीवाला त्यांना पाहून फणी लपवायला लागला. आबांनी मुकाट्याने दोन केळी विकत घेतली, एक मला दिलं, एक स्वतः सोलून शेवटपर्यंत खाल्लं.

"ही केळी नोको खात जाऊ इथं," ते म्हणाले. "मी आणत जाईन."

मला रडू येत होतं, म्हणून मी चिडवायचं ठरवलं. "मोटारसायकलवर?"

"एसटी असंल तर एसटीनं," आबा म्हणाले. "नसंल तर पायी."