कोरडे खडे

माझी आत्या तोंड पोळलेलं नसतानाही ताक फुंकून प्यायची. दाराची बेल वाजली की आधी "कोण?", मग "कोणाकडे काम आहे?", मग "पाठवलं कोणी?" एवढं झाल्यावरच कडी निघायची. तिच्या उलटतपासणीत एकही मुलगा पास झाला नाही म्हणून लग्न राहिलं, असं बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, म्हणायचे.

एका छोट्या कारखान्याची प्रयोगशाळा ती सांभाळायची. अमाइनं, म्हणजे ॲनिलिनच्या जातीची रसायनं, आणि नायट्रिक आम्ल यांपासून ती क्षार बनवायची. काही क्षारांचे पांढरे खडे होत, काही न तापवताही पातळच राहत. हे पातळ क्षार तिचे लाडके. "वास नाही, वाफ नाही, आणि भलभलतं विरघळवतात," ती म्हणायची. खड्यांवर मात्र तिचा भरवसा नव्हता. नायट्रिक आम्लाचा क्षार कोरडा असला की कधी भडकेल सांगता येत नाही, म्हणून ते ती चिमूटभरच बनवायची.

बाबा याच कारखान्याचा माल विकायचे. एकदा त्यांनी एक गिऱ्हाईक आणलं. गोड बोलणारा गृहस्थ, सूत रंगवण्याचा धंदा. त्याला खडे हवे होते, पिंपभर आणि अगदी कोरडे.

"रंगाचं काम पाण्यात," आत्या म्हणाली. "मग कोरडे कशाला?"

"आमची पद्धत वेगळी आहे, ताई."

"पातळ क्षार घेऊन जा. वापरायला सोपा, धोका कमी. नमुना फुकट देते."

"नको, खडेच द्या." त्यानं बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही.

आत्याच्या मनात पाल चुकचुकली. फुकटचा नमुना नाकारणारा धंदेवाला तिनं पाहिला नव्हता. तिनं ऑर्डर अडवून धरली. मालक चिडले. बाबा तर घरी येऊन तिच्यावर ओरडले, "तुला आरशातल्या बाईचाही संशय येतो! माझं गिऱ्हाईक तोडू नकोस."

"मग चल, त्याचा कारखाना बघून येऊ."

तिला खोटं पाडायला म्हणूनच बाबा गेले. पत्ता खरा होता. शेड होती, दोऱ्यांवर रंगीत सुताच्या लडीही टांगल्या होत्या. राखणदारानं आत घेतलं. बाबा विजयी मुद्रेनं बहिणीकडे बघू लागले. ती मात्र खाली जमिनीकडे बघत होती.

"नळ कुठे आहे?" तिनं राखणदाराला विचारलं.

"नळ नाही. प्यायचं पाणी मी घरून आणतो."

"आणि मोरी?"

तीही नव्हती. बाबांनी एक लड हातात घेतली. तिच्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. त्यांनी ती बहिणीपुढे धरली.

दोघं तिथूनच पोलीस चौकीत गेले. चौकशी झाली, पण तोवर तो माणूस पसार झाला होता. त्याला खडे कशासाठी हवे होते, ते कधीच कळलं नाही. आत्याला शाबासकी मिळाली नाही. चौकीवाल्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या म्हणून मालक उलट तिच्यावरच धुसफुसत राहिले. खड्यांचं काम मात्र त्यांनी बंद केलं आणि तिला पातळ क्षारांवर बसवलं. धातूचे भाग धुण्यासाठी ते पुढे बरे खपले.

बाबा बरेच दिवस तिच्या नजरेला नजर देत नव्हते. शेवटी एका संध्याकाळी म्हणाले, "ताई, मला कसं दिसलं नाही गं?"

"तुला तो आवडला होता," आत्या म्हणाली. "मलाही आवडला होता. म्हणून तर मी जास्त घाबरले."