सासूबाईंचा पहिला इंग्रजी पिक्चर

मैत्रिणींनो, घरी येऊन तास झाला, तरी माझं हसू थांबत नाहीये!

आज दुपारी संत तुकाराम नगरातल्या आमच्या महिला मंडळाने हॉलमध्ये युद्धाच्या काळातला एक जुना इंग्रजी पिक्चर लावला होता. चाकणजवळच्या गावाहून आलेल्या सासूबाईंनाही घेऊन गेले. संवाद मी त्यांच्या कानात मराठीत सांगत होते.

गोष्ट एका तरुण बायकोची. नवरा सज्जन, पण घरात तिचा जीव रमत नाही. गावात आलेल्या एका जखमी सैनिकावर ती भाळते. पुढे त्याची बदली होते. ती बॅग घेऊन स्टेशनवर जाते, पण गाडीत न चढताच घरी परतते.

मला वाटलं, सासूबाई म्हणतील, बरं झालं. तर त्या भर हॉलमध्ये ओरडल्या, "आली बया परत!"

रिक्षात म्हणाल्या, "नवरा वाईट न्हवता गं. पण तुला काय पायजे, असं त्यानं तिला एकदा तरी इचारलं का?"

घरी नवरा फर्स्ट शिफ्ट करून सोफ्यावर पसरला होता. सासूबाईंनी दारातूनच फर्मान सोडलं, "इचार हिला, तुला काय पायजे म्हून."

तो गडबडला. पण विचारलं हो त्यानं! लग्नानंतर पहिल्यांदाच!

आणि मी? सवयीनं म्हणाले, "काही नको."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "आली बया परत!"

आता स्वयंपाक नवऱ्यावर सोपवून मी खरं उत्तर शोधत बसलेय. तुम्हाला कुणी असं अचानक विचारलं, तर येईल सांगता?